एकटी टीचर, अडतीस पोरं

मावशी, सप्रेम नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका गावात सरकारी मराठी शाळेत इंग्रजी शिकवते. माझी नेमणूक सरकारी नाही. गावातली पोरं व्हॅनमधून इंग्लिश मीडियमला जायला लागली, पट खाली आला, म्हणून गावकऱ्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून मला मानधनावर ठेवलंय. पहिली ते तिसरी एकत्र, ३८ मुलं, दुपारच्या जेवणानंतरचा तास. मी वर्गात शिरले की वर्गशिक्षिका उठून ऑफिसात जातात. तास ‘फक्त इंग्रजीतच’ घ्यायचा असं मला बजावलंय. पोरं अजिबात ऐकत नाहीत. एक कपाटामागं जाऊन बसतो, दोघं भांडतात, बाकीची ‘टीचर पाणी, टीचर एकीला’ करत दाराशी. वीटभट्टीवर कामाला आलेल्या घरांतली चार मुलं आहेत, ती घरी कन्नड बोलतात, त्यांना माझं मराठीसुद्धा अर्धंच कळतं. ओरडून ओरडून घसा बसलाय. एक सर म्हणाले, छडी घेतल्याशिवाय वळणार नाहीत. हेडमास्तर म्हणतात, तुमचा कंट्रोल नाही. पालक विचारतात, पोरगं अजून इंग्लिश का बोलत नाही. मला शिकवायची खरंच आवड आहे, पण हे असं किती दिवस काढायचं?
— खानापूर तालुक्यातली एक टीचर

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचताना ‘तुमचा कंट्रोल नाही’ या वाक्याशी थांबले. सहा ते आठ वर्षांची पोरं, नुकतंच गरम जेवण पोटात गेलेलं, रोजच्या ओळखीच्या बाई उठून गेलेल्या, आणि समोर उभी असलेली टीचर न कळणाऱ्या भाषेत काहीतरी सांगतेय. अशा वर्गात गोंधळ होणारच. आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला तिथं उभं केलं तरी होईल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक धरलेत, म्हणजे साधारण तीस मुलांमागं एक. तुझ्यापुढं ३८ आहेत, तीन इयत्तांची, आणि घरच्या भाषा दोन. तेव्हा आपल्यातच काही कमी आहे हा विचार आधी मनातून काढ. मांडणीच तुझ्याविरुद्ध आहे. ती बदलायचं बरंचसं काम तुझ्या हातात आहे, थोडं दुसऱ्यांच्या, आणि त्या दुसऱ्यांकडे कसं जायचं तेही सांगते.

आधी ‘फक्त इंग्रजीत’चं बघू. माझ्या मते निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. ‘सिट डाउन, डोंट पुश, वेट फॉर युअर टर्न’ हे ज्याला कळतच नाही, तो ते ऐकणार कसं? त्याला फक्त टीचरचा चढलेला आवाज कळतो, आणि चढलेल्या आवाजाला पोरं त्याहून मोठ्या आवाजानं उत्तर देतात. म्हणून वर्गाची शिस्त, भांडण, लागलं-खुपलं, रडू, हे सगळं खुशाल मराठीत कर. कोणी रडत असेल तर त्याच्याशी परक्या भाषेत बोलू नये, एवढं मी ठामपणे सांगेन. कन्नड बोलणाऱ्या चार मुलांसाठी बा (ये), कूडु (बस), नीरु (पाणी), साकु (पुरे) एवढे शब्द तोंडात बसव. ‘बा, कूडु’ म्हणून जवळ बोलावलंस की ती पोरं कशी बघतात तुझ्याकडे, ते तूच अनुभव. बाकीचे शब्द तीच तुला शिकवतील, आणि शिकवायला मिळालं की लाजणंही कमी होईल.

इंग्रजी ठेव ते धड्याच्या खेळासाठी आणि रोज त्याच वेळी येणाऱ्या मोजक्या वाक्यांसाठी. पण ती वाक्यं एकदा ठरली की बदलायची नाहीत. आज ‘कीप क्वाएट’, उद्या ‘बी सायलेंट’, परवा ‘नो नॉइज’ असं केलं तर मुलाला तिन्ही वेळा नव्यानं शिकावं लागतं. आणखी एक. प्रत्येक इंग्रजी वाक्यापाठोपाठ मराठी अर्थ सांगायची सवय लावून घेऊ नकोस. पोरं हुशार असतात. मराठी येणारच आहे हे कळलं की इंग्रजी वाक्याला कान बंद करून थांबतात. अर्थ हातानं दाखव, वस्तू दाखव, स्वतः करून दाखव. अगदीच अडलं तर एकदा मराठीत सांग आणि पुढं जा. हेडमास्तरांना मात्र हे आधी सांगून ठेव, म्हणजे खिडकीतून मराठी ऐकू आलं म्हणून तुझ्यावर ठपका येणार नाही.

आता पहिली पाच मिनिटं. या पाच मिनिटांवर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण तुझा तास तिथंच हातातून जातो असं तुझ्या वर्णनावरून दिसतं. वर्गात आधी शिरून पोरांची वाट बघू नकोस. जेवणाची ताटं धुऊन होतात तेव्हा तू नळाशी उभी राहा. पाणी तिथंच पिऊन घ्यायचं, एकीला तेव्हाच जाऊन यायचं. मग ओळ करून दाराशी आण. दारात एकेकाला थांबव, नाव घे, ‘हॅलो’ म्हण, त्यानं हॅलो म्हटलं की आत सोड. एकावेळी एकच पोर आत गेलं की ते पळत जात नाही, ढकलाढकली करायला पुढं-मागं कोणी नसतं. ३८ मुलांना तीन-चार मिनिटं लागतील, ती वाया गेली असं समजू नकोस. दिवसभरात प्रत्येकाकडे एकदा तरी तू डोळ्यांत बघितलंस आणि प्रत्येकानं एकदा तरी इंग्रजीत तोंड उघडलं, हे त्याच चार मिनिटांत होतं. आत जमखान्यावर कोणी कुठं बसायचं हे ठरलेलं असू दे, खडूनं खुणा करून ठेव. आत गेलेल्यांना रिकामं ठेवायचं नाही. पाटीवर काल काढलेलं एक चित्र पुन्हा काढायचं, एवढं साधं काम रोज तेच असू दे.

तासाच्या मध्येच कोणाला जावं लागलंच तर दाराजवळ खिळ्याला पुठ्ठ्याचे दोन तुकडे टांगून ठेव. एक मुलांचा, एक मुलींचा. तुकडा गळ्यात घालून जायचं, परत येऊन टांगायचं. तुकडा खिळ्यावर नसेल तर थांबायचं. त्यासाठी तुला विचारायची गरजच नाही. ‘टीचर एकीला’चा धोशा आठवड्याभरात खाली येईल, कारण पोरांना पुष्कळदा एकीला जायचं नसतं, टीचरनं आपल्याकडे बघावं एवढंच हवं असतं. मात्र छोटं पोर कळवळून आलं तर तुकड्याचा नियम बाजूला ठेव.

शांत करायला आवाज वापरू नकोस, घसा सांभाळ. टाळ्यांचा एक ठेका ठरव. तू दोन हळू, तीन जलद वाजवायच्या, पोरांनी तशाच परत द्यायच्या. पहिल्यांदा दहा पोरं देतील. पुन्हा वाजव, वीस देतील. हातात टाळी असली की दुसऱ्याच्या पाठीत गुद्दा जात नाही. आणि शेवटची टाळी झाली की तू बोलायचं ते अगदी हळू, पुढच्या ओळीला कष्टानं ऐकू येईल इतकं.

शिकवायचं काय, याचं उत्तर जेवणानंतरच्या त्या सुस्तावलेल्या-चेकाळलेल्या पोरांनीच देऊन ठेवलंय: त्यांना हलायचंय. अमेरिकेत जेम्स अ‍ॅशर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात परकी भाषा शिकवायची एक पद्धत बसवली. त्यात शिक्षकानं आज्ञा द्यायची आणि शिकणाऱ्यानं न बोलता ती अंगानं करायची. लहान मूल घरची भाषा अशीच शिकतं, आधी ‘इकडे ये, बाळ कुठंय दाखव’ हे ऐकून करतं, बोलतं कितीतरी नंतर, हा त्यांच्या विचाराचा पाया. ही पद्धत आपल्याकडे खेळांत पहिल्यापासून आहेच. ‘शिवाजी म्हणतो’ घे. ‘शिवाजी म्हणतो, टच युअर नोज’ असं म्हटलं की नाकाला हात, नुसतंच ‘टच युअर नोज’ म्हटलं तर जागचं हलायचं नाही. ‘तळ्यात-मळ्यात’ घे. जमखान्याची कड हीच सीमा, ‘पाँड’ म्हटलं की आत उडी, ‘फार्म’ म्हटलं की बाहेर. चार दिवसांनी फिश, डक, काऊ, गोट म्हण. मासा असेल तर तळ्यात, गाय असेल तर मळ्यात, बदक असेल तर भांडण लागेल, लागू दे, तोच धडा. कन्नड बोलणाऱ्या मुलांना इथं मराठी लागतच नाही, शेजाऱ्याकडे बघून तीही उडी मारतात.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेव, ‘आउट’ करायचं नाही. आउट झालेलं पोर भिंतीला टेकून रिकामं बसतं, आणि वर्ग फुटतो तो त्या भिंतीपासून. चुकला त्याला पुढं बोलव, पुढची आज्ञा त्यानं द्यायची. चुकणं हा मान झाला की पोरं घाबरत नाहीत, आणि भांडतही नाहीत.

मग पंधरा मिनिटं बसून करायचं काम. इथं पाटीसारखं साधन नाही. वही दिली तर तुला ३८ वह्यांवर वाकावं लागेल आणि तू एकीवर वाकलीस की सदतीस जण मोकळे. पाटीवर ‘ड्रॉ अ मँगो’ म्हण, झालं की ‘शो मी’, सगळ्या पाट्या डोक्यावर. एका नजरेत कोणाला कळलं, कोणी शेजाऱ्याचं बघून काढलं, कोणी काहीच काढलं नाही, सगळं दिसतं. तुझ्या जागेवरून हलावंही लागत नाही. खडू-पेन्सिल वाटायचं काम स्वतः करू नकोस. रंगीत खडूंचा एकच डबा मध्ये ठेवलास की त्यावर पंधरा हात पडणार, लाल खडू कोणाचा यावरून मारामारी होणार. त्यापेक्षा सहा डबे कर, प्रत्येकात सहा-सात तुकडे, एकेका तिसरीतल्या पोराकडे एक डबा. डबा ज्याच्याकडे, मोजून परत द्यायची जबाबदारी त्याची.

तिसरीतली मुलं हीच तुझी माणसं आहेत. तीन इयत्ता एकत्र म्हणजे संकट असं तुला वाटतंय, पण आपल्या कर्नाटकातच याचा विचार झालेला आहे. म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात १९९५ साली नली-कली नावाची शिकवायची पद्धत सुरू झाली, ती अशाच एकत्र बसणाऱ्या लहान इयत्तांसाठी पुढं राज्यभर गेली. त्यात सगळ्या वर्गाला एकदम शिकवायचं नसतंच. काही मुलं शिक्षकाजवळ, काही सोबत्याच्या मदतीनं, काही आपली आपण, असे गट असतात आणि मुलं एका गटातून दुसऱ्यात सरकत राहतात. तुझ्या शाळेत ती पद्धत असो वा नसो, कल्पना उचल. बारा-तेरा मुलं तुझ्याजवळ गोल करून बोलायला, बाकीच्यांना तिसरीतल्या सोबत्याबरोबर चित्रांच्या चिठ्ठ्या जुळवायला. सात-आठ मिनिटांनी गट बदल. रोज जमलं नाही तर आठवड्यातून दोनदा कर. ३८ जणांसमोर जे पोर कधीच तोंड उघडत नाही, ते बारा जणांत उघडतं.

कपाटामागं बसणाऱ्या मुलाबद्दल मला तुझ्या पत्रातून फार कळलं नाही, पण त्याला ओढून बाहेर काढू नकोस एवढं नक्की. तो वर्गात आहे, सुरक्षित आहे, ऐकतोय. रोज तासाच्या सुरुवातीला त्याला एक काम दे, फळा पुस, डबे आणून ठेव, टाळीचा ठेका तू सुरू कर. काम झालं आणि परत कपाटामागं गेला तरी चालेल. महिन्याभरात तो तिथं कमी वेळ बसायला लागेल. आणि दोन गोष्टी बघून ठेव: पाठमोरा असताना हाक मारली तर वळतो का, आणि फळ्यावरचं लांबून दिसतं का. शंका आली तर वर्गशिक्षिकांना सांग. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा त्याला आवर्जून दाखवायचं. कान फुटलेली, कमी ऐकू येणारी पोरं वर्षानुवर्षं ‘ऐकत नाही’ म्हणून बोलणी खातात, ते बघवत नाही.

छडीचा सल्ला तू मनावर घेऊ नकोस. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं मुलांना मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्ही बंद केलंय, आणि त्या शाळेत तुझं स्थान इतकं नाजूक आहे की काही झालं तर सगळं तुझ्यावरच येईल. पण कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. परकी भाषा बोलायला धीर लागतो. चुकीचा उच्चार करून बघायला, हसू होईल हे माहीत असून तोंड उघडायला लागतो. छडी बघून वर्ग शांत होईल, पण मग त्या शांत वर्गात तू कोणाला बोलायला लावणार?

आता मोठ्या माणसांकडे येऊ. वर्गशिक्षिका उठून जातात याचा तुला राग येतोय, तो समजतो. पण ऑफिसात त्या काय करतात ते एकदा बघ. सॅट्सची म्हणजे मुलांच्या नोंदींची ऑनलाइन माहिती, बिसी ऊटाचा म्हणजे दुपारच्या गरम जेवणाचा हिशेब, दूध-अंड्यांची नोंद, हे सगळं त्यांच्याच डोक्यावर असतं आणि तुझा तास हाच त्यांना मोकळा मिळतो. त्यांची तक्रार घेऊन हेडमास्तरांकडे जाऊ नकोस. आधी त्यांच्याकडेच जा, एकटीनं, आणि ‘मदत करा’ असं मोघम न म्हणता नेमकं माग. ‘बाई, पहिला आठवडाभर सुरुवातीची दहा मिनिटं वर्गात बसाल का? तुमचं रजिस्टर घेऊन मागं बसा, मला काही सांगायची गरज नाही.’ ओळखीचं माणूस नुसतं मागं बसलं तरी पोरांना आधार वाटतो. आणि त्यांना माहिती विचार. कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही, कोणाच्या घरी काय चाललंय, कोण उपाशी येतं. हे तुला दुसरं कोणी सांगणार नाही. विचारल्यावर माणूस मोकळं होतं, आणि वर्ग दोघींचा वाटायला लागतो.

हेडमास्तरांकडे जाशील तेव्हा तीन मागण्या घेऊन जा, आणि कागदावर लिहून दे. पहिली, तास जेवणाच्या आधी घ्या. रोज जमत नसेल तर शनिवारच्या सकाळच्या शाळेत एक तरी द्या. दुसरी, तासाचे दोन अर्धे करा, आधी पहिली, मग दुसरी-तिसरी, आणि तेवढ्यात बाकीची मुलं वर्गशिक्षिकांकडे. तिसरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तिच्यात मागं हटू नकोस. तू सरकारी नेमणुकीवर नाहीस, मानधन गावाकडून घेतेस. तू एकटी असताना एखादं पोर पडलं, डोकं फुटलं, दारातून बाहेर गेलं, तर जबाबदार कोण? त्या तासाला शाळेतले कोणते शिक्षक प्रमुख आहेत आणि ते हाकेच्या अंतरावर कुठं असतील, हे लिहून घे. हे पोरांसाठी आहे आणि तुझ्यासाठीही.

माणूस कमी पडत असेल तर एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीच्या, बैठकीत विषय काढ. समितीत बहुतेक पालकच असतात. आठवड्यातून दोन दिवस एखादी आई किंवा आजी येऊन बसेल का, हे विचारायला काय हरकत आहे? तिला इंग्रजी यायची गरज नाही. दार सांभाळायचं, रडणाऱ्याला जवळ घ्यायचं, डबे मोजायचे. वीटभट्टीवरच्या घरांतली एखादी कन्नड बोलणारी आई आली तर त्या चार मुलांचा प्रश्नही हलका होईल, आणि त्या घरालाही शाळा आपली वाटेल.

पालकांचा प्रश्न मी मनापासून समजू शकते. वर्गणी देऊन त्यांनी तुला ठेवलंय, शेजारच्याचं पोर व्हॅनमधून उतरताना पोएम म्हणतं आणि आपलं म्हणत नाही, हे त्यांना लागतं. पण परकी भाषा शिकताना मुलं पुष्कळ दिवस नुसती ऐकतात, कळतं पण बोलत नाहीत, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं, आणि नुसतं सांगून पटणार नाही, दाखवायला हवं. महिन्यातून एका शनिवारी त्यांना वर्गात बोलव. पाठ केलेली कविता म्हणून दाखवू नकोस. ‘शिवाजी म्हणतो’ खेळ, आज्ञा नव्या दे, आदल्या दिवशी न केलेल्या. ‘पुट युअर स्लेट अंडर द चेअर’ असं म्हटल्यावर आपलं पोर उठून पाटी खुर्चीखाली ठेवतं, हे आईनं डोळ्यांनी बघितलं की पुढचा महिनाभर ती तुला काही विचारणार नाही. शाळेचा पट मात्र तू आपल्या खांद्यावर घेऊ नकोस. सीमाभागातल्या मराठी शाळा टिकाव्यात असं मला फार वाटतं, तुझ्यासारख्या मुलींमुळे त्या टिकतीलही, पण ३८ पोरांचा तास नीट होणं एवढंच तुझं काम आहे.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, किती दिवस काढायचं. दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत काढ. वर्गात काय करायचं ते उद्यापासून सुरू कर, सगळं एकदम नको. पहिला आठवडा फक्त दार, नळ आणि टाळ्या, दुसऱ्या आठवड्यात खेळ, पाट्या आणि गट त्यानंतर. वर्गशिक्षिकांशी याच आठवड्यात बोल, हेडमास्तरांना अर्ज त्याच्या पुढच्या आठवड्यात दे. सुट्टीला घरी जाशील तेव्हा बघ, तासाची वेळ बदलली का, आणि गरज पडली तर हाक मारायला माणूस मिळालं का. यातलं एक जरी झालं असेल तर मार्चपर्यंत नेटानं कर, वर्ग तुझा होईल. दोन्हीपैकी काहीच झालं नसेल तर ज्यांनी तुला ठेवलं त्या गावकऱ्यांना जाऊन स्पष्ट सांग की या अटींवर लहान पोरं एकटीला सांभाळता येत नाहीत, चौथी-पाचवी द्या, नाहीतर मी थांबते. ते सांगताना खाली मान घालू नकोस.